जमीन रस्त्यात गेली, मुआवजा (भरपाई) फारच कमी लावलाय, पुढे काय करायचं?

हातोदकडचा:
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचेच, पणजोबा होळकरांच्या नोकरीत आले तेव्हापासून इथेच आहोत, घर लोकमान्य नगरात आणि हातोदच्या बाजूला साडेतीन बिघे जमीन. आजोबांनी घेतलेली, काळी माती, सोयाबीन-गहू आणि मधे दोन वर्षं लसूणही लावला होता. त्यातला ०.३१० हेक्टर तुकडा नवीन रस्त्यात गेलाय. रस्ता राज्याचा आहे, हायवेवाल्यांचा नाही.

२ एप्रिलला अवार्ड (भरपाईचा निवाडा) झाला, बाबा त्या दिवशी एसडीएम ऑफिसात होते, हजेरीवर सहीपण केली. कागदावर हेक्टरी ६० लाखाचा असिंचित रेट लावलाय, म्हणजे १८ लाख ६० हजार, त्यावर १०० टक्के सोलेशियम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम) धरून ३७ लाख २० हजार, आणि झाडांचे ४६ हजार. बस. आणि तिकडे ब्रोकर लोक शेजारच्याच जमिनीचा भाव हेक्टरी दीड-दोन कोटी सांगून राहिले.

माझी डोकेदुखी अशी की जमीन असिंचित नाहीच, २००९ पासून ट्यूबवेल आहे आमचा, गहू काय नुसत्या पावसावर येतो का. पण खसऱ्यात (तुमच्याकडचा सातबारा) अजून असिंचितच लिहिलंय, कोणी कधी बदलून घेतलंच नाही. झाडं तर विचारूच नका, सहा आंबे, एक मोठी चिंच आणि जामाची दहा-बारा झाडं होती (पुण्याच्या लोकांनी पेरू वाचावं), यादीत दोन आंबे आणि एक चिंच. सर्व्हे करायला कोण आलं, कधी आलं आम्हाला माहीतच नाही. वर रस्ता जमिनीच्या कोपऱ्यातून तिरपा गेल्यामुळे पलीकडे एक तिकोना उरलाय, सहा आरेचा, तिथे जायला ना वाट ना काही.

अजून एक. जमीन घेण्याची अधिसूचना गेल्या वर्षी मार्चमध्ये निघाली आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून गाइडलाइन (रजिस्ट्रीसाठीचा सरकारी भाव) वाढली. पंधरा दिवसांनी चुकलो आम्ही! हे भांडता येईल का?

बाबा म्हणतात सरकारशी कोण भांडणार, जे देतायत ते घे. पटवारी (तलाठी) म्हणतो बँक डिटेल द्या आणि फॉर्मवर सही करा, आठवड्यात पैसे खात्यात. काही कळत नाहीये. सही करू का नको?

सराफ्याचा_भिया:
अरे भिया पैसे अजिबात घ्यायचे नाहीत! एकदा घेतले की केस संपली. आणि ताबा पण देऊ नको, पाच वर्षं ताबा दिला नाही तर जमीन आपोआप परत मिळते, कायदाच आहे तसा. आमच्या ओळखीतल्या एकाने असंच केलं होतं.

काळाकोट_निवृत्त:
वरचा सल्ला ऐकू नका, कृपया. सराफ्याच्या भियांनी दोन वाक्यांत दोन चुका केल्यात, गरम कचोरीच्या घाईत असतील.

मी जिल्हा कोर्टात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच या जमिनींच्या केसेसमध्ये, आता घरी बसून नातवाला पाढे शिकवतो तेव्हा सावकाश लिहितो, घाईत वाचू नका.

पहिली गोष्ट पैशांची. पैसे घेतले की हक्क जातो हे अर्धं खरं आहे. २०१३ चा भू-अर्जन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे, त्याच्या कलम ७७ मध्ये लिहिलंय की रक्कम अपुरी आहे असा विरोध नोंदवून पैसे घेता येतात. विरोध न नोंदवता घेतले तर मात्र कलम ६४ खाली वाढीव मागायचा हक्क राहत नाही. म्हणजे सगळा खेळ त्या फॉर्मवरच्या एका ओळीचा. पटवारी जो फॉर्म देतो त्यात बहुतेक छापलेलं असतं की रक्कम मान्य आहे, पुढे काही मागणी नाही. ती ओळ खोडायची आणि स्वतःच्या हाताने हिंदीत लिहायचं, 'राशि अपर्याप्त है, विरोध सहित स्वीकार करता हूँ', तारीख घालून सही. हल्ली पैसे थेट खात्यात पडतात म्हणून याच मजकुराचं वेगळं पत्र आधीच आवक शाखेत देऊन ठेवायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. तो शिक्का सोन्यासारखा जपा. आणि 'सहमतीपत्र' असं नाव असलेला कागद समोर आला तर सहीच करू नका, घरी घेऊन या आणि शांतपणे वाचा. आपसी सहमतीने रजिस्ट्री करून दिली की मग दाद मागायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची, ही जास्त तातडीची. बाबा अवार्डच्या वेळी हजर होते ना? मग कलम ६४ चा अर्ज कलेक्टरकडे देण्याची मुदत अवार्डच्या तारखेपासून सहा आठवडे. २ एप्रिल म्हणजे १४ मे. तुम्ही हे लिहिलंय २९ एप्रिलला. हिशोब करा. हजर नसता तर गणित वेगळं होतं, आणि सबळ कारण असेल तर कलेक्टर वर एक वर्षापर्यंत उशीर माफ करू शकतो, पण सबळ काय हे तेच ठरवणार, त्या भरवशावर बसू नका. अर्ज आला की कलेक्टरने तीस दिवसांत तो मुआवज्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, नाही पाठवला तर तुम्ही थेट प्राधिकरणाकडे जाऊ शकता.

तिसरी, पाच वर्षांची दंतकथा. जुन्या १८९४ च्या कायद्याखालचे अवार्ड रद्द होण्याबद्दल कलम २४ मध्ये तरतूद आहे, ती तुमच्या प्रकरणाला लागतच नाही. आणि लागली असती तरी, २०१४ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ती शेतकऱ्याच्या बाजूने वाचली होती, पैसे खजिन्यात ठेवले म्हणजे दिले असं नाही म्हणून, पण मार्च २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते उलटवलं. ताबाही घेतला नाही आणि मुआवजाही दिला नाही, दोन्ही असेल तरच अर्जन रद्द. आणि ती केस कुठली होती? आपल्याच इंदूर विकास प्राधिकरणाची. पुण्याने दिलं, इंदूरने काढून घेतलं, असं आम्ही बार रूममध्ये म्हणायचो.

आता गाइडलाइनचं. वाईट बातमी. बाजारभाव कलम ११ च्या अधिसूचनेच्या तारखेचाच धरतात. मार्चमध्ये निघाली तर मार्चचीच गाइडलाइन, एप्रिलची वाढ तुम्हाला मिळणार नाही. त्यावर एक पानही खर्च करू नका, बाकी मुद्दे दमदार आहेत ते याने पातळ होतात.

दमदार कोणते ते उद्या लिहितो, डोळे दुखून राहिले.

सराफ्याचा_भिया:
हाओ काका, चुकलो. मी फक्त ऐकलं होतं ते सांगितलं 🙏

निमाडचा_जावई:
काका उद्या लिहितीलच, मधे मी माझं सांगतो. सासर बडवानीकडे. सरदार सरोवराच्या बुडितातली माणसं अगदी जवळून पाहिली आहेत. २०१७ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ६८१ कुटुंबांना दोन हेक्टरच्या बदली प्रत्येकी ६० लाख द्यायला सांगितले, आणि जे आधी पैसे उचलून बनावट रजिस्ट्र्यांमध्ये फसले त्या १३५८ कुटुंबांना १५ लाख. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा, त्यात जमिनीच्या बदली जमीन कबूल केलेली. मोजा किती वर्षं. तेव्हा ज्यांनी दर वेळी कागद जपले, दर नोटिशीला लेखी उत्तर दिलं त्यांचं नाव यादीत राहिलं, बाकीचे ऑफिसांच्या फेऱ्यांतच म्हातारे झाले.

ब्रोकरच्या दीड कोटीबद्दल पण बोलायचं होतं. कटू आहे पण बोलतो. गावात सगळ्यांनी, होय सगळ्यांनी, रजिस्ट्री गाइडलाइनवर केली आणि वरचे पैसे थैलीत घेतले, स्टॅम्प वाचवायला. आता सरकार शेजारच्या रजिस्ट्र्या काढून बघतं तर कागदावर ६० लाखच दिसतात. मग आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं की भाव दोन कोटी आहे? आमच्या चुलत सासऱ्यांनी स्वतः दोन वर्षांपूर्वी विकलेल्या तुकड्याची रजिस्ट्री त्यांच्याच मुआवज्याच्या आड आली. भांडायला जागाच नाही उरली.

हातोदकडचा:
काका खूप खूप धन्यवाद, १४ मे ची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने गोल केली, बाबांना वाचून दाखवलं तर ते पहिल्यांदा चष्मा लावून उठून बसले.

@निमाडचा_जावई हो ते खरंय, आमच्या गावात पण तसंच. पण एक रजिस्ट्री माहीत आहे, नाल्यापलीकडची, कोणीतरी बँक लोन घेऊन घेतली होती म्हणून पूर्ण भावात झाली असं ऐकलंय. ती कामाची आहे का?

काळाकोट_निवृत्त:
सोन्याची आहे ती. तिथूनच सुरू करतो.

कलम २६ नुसतं गाइडलाइनवर थांबत नाही. एक, स्टॅम्प कायद्याचा म्हणजे तुमच्या भाषेत कलेक्टर गाइडलाइनचा भाव. दोन, तुमच्या गावात किंवा जवळच्या गावात, तशाच प्रकारच्या जमिनीच्या अधिसूचनेआधीच्या तीन वर्षांतल्या रजिस्ट्र्या, त्यांतल्या भावाने वरच्या अर्ध्या काढायच्या आणि त्यांची सरासरी. तीन, संमतीने ठरलेली रक्कम असेल तर ती, पण ती तुम्हाला लागू नाही. यातला जो जास्त तो घ्यायचा. बघा, वरच्या अर्ध्या असं कायदाच म्हणतो, कमी भावात केलेल्या खालच्या अर्ध्या गळून जातात. म्हणून गाव सगळं लबाड असलं तरी चार-सहा प्रामाणिक रजिस्ट्र्या सापडल्या की सरासरी हलते. सब-रजिस्ट्रारकडे जाऊन त्या खसऱ्यांच्या प्रमाणित नकला काढा. शेजारी एखादी डायव्हर्टेड (बिगरशेती केलेल्या) प्लॉटची रजिस्ट्री असेल तर ती टाकू नका, तशाच प्रकारची जमीन नाही म्हणून बाजूला काढतात आणि तुमचा बाकीचा कागदही संशयाने बघतात.

आता तुमच्या अवार्डच्या पानात मला दोन गोष्टी दिसल्या ज्या तुम्हाला दिसल्या नाहीत. सोलेशियम जमिनीवर लावलं, ठीक. पण झाडांचे ४६ हजार तसेच ठेवलेत. कायद्यात जमीन आणि तिला जोडलेली मालमत्ता यांची बेरीज करून त्यावर १०० टक्के सोलेशियम आहे, झाडं, विहीर, ट्यूबवेल सगळं त्यात येतं. दुसरी मोठी. कलम ३० मध्ये वेगळा १२ टक्के वार्षिक लिहिलाय, सामाजिक परिणामाच्या अभ्यासाची अधिसूचना निघाली त्या तारखेपासून अवार्डपर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल. तुमच्या पानावर ती ओळच नाही. ती अधिसूचना कधीची?

हातोदकडचा:
काका गॅझेट शोधलं, त्या अभ्यासाची निघाली त्या मार्चच्या आदल्या ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे अवार्डपर्यंत २० महिने.

काळाकोट_निवृत्त:
मग २० महिन्यांचे वीस टक्के. त्यांच्याच ६० लाखांच्या रेटने १८.६० वर ३ लाख ७२ हजार होतात. हे तुम्हाला भांडूनसुद्धा मिळवायचं नाहीये, हे त्यांनी बेरजेत विसरलंय, याचा वेगळा अर्ज भू-अर्जन अधिकाऱ्याकडेच द्या, कारकुनी चूक दुरुस्त करायची तरतूद कलम ३३ मध्ये आहे, सहा महिन्यांच्या आत. पण त्याच्या भरवशावर ६४ चा अर्ज मागे ठेवू नका, त्यातही लिहा.

आता सिंचित. तुमच्या गावाचा सिंचित रेट त्या मार्चच्या गाइडलाइनमध्ये काय होता?

हातोदकडचा:
७८ लाख हेक्टरी. बघितला.

काळाकोट_निवृत्त:
मग बेरीज करा. ०.३१० ला २४ लाख १८ हजार. दुप्पट ४८ लाख ३६ हजार. वीस टक्के वेगळे ४ लाख ८३ हजार ६००. ५३ लाख २० हजाराच्या जवळ, तुम्हाला मिळाले ३७.२०. सुमारे सोळा लाखांचा फरक, त्यातले सव्वाबारा लाख एका शब्दावर, असिंचित, बाकी त्या विसरलेल्या १२ टक्क्यांचे. झाडं-ट्यूबवेल अजून धरलेले नाहीत.

तो शब्द खसऱ्यात चुकला म्हणून तो कायमचा नाही. पुरावा काय द्यायचा ते सांगतो. गिरदावरी (पीक पाहणीची नोंद) काढा दहा वर्षांची, त्यात रब्बीला गहू, लसूण लिहिलेला असणार, पटवाऱ्यानेच लिहिलाय, आणि मालव्यात असिंचित जमिनीत लसूण येतो असं कुठल्याही पटवाऱ्याला शपथेवर सांगू दे बघू. मग पंपाच्या वीज कनेक्शनची बिलं, जितकी जुनी तितकी चांगली. ट्यूबवेल खोदल्याची पावती असली तर बरंच, नसली तरी वीज कनेक्शनची तारीख बोलते. सॅटेलाइटचे जुने फोटो मुलं मोबाइलवर काढतात, फेब्रुवारीतला हिरवा पट्टा दिसतो, तो छापून जोडा. माझ्या काळात हे नव्हतं, असतं तर दोन केसेस मी हरलो नसतो.

झाडांसाठी पंचनाम्याची नकल मागा. पंचांच्या सह्या कोणाच्या आहेत बघा. बऱ्याचदा पंच त्या गावचेच नसतात. आणि जी झाडं अजून उभी आहेत त्यांचे फोटो आजच काढा, तारखेसह, कारण ठेकेदाराचा पोकलेन एकदा आला की आंबा होता की बाभूळ कोणी सांगत नाही.

सहा आरेचा तिकोना ही वेगळी मागणी. उरलेल्या जमिनीपासून तुकडा तोडल्यामुळे होणारं नुकसान कलम २८ मध्ये आहे. तो अर्जात स्वतंत्र परिच्छेद करून, नकाशावर लाल रंगाने दाखवून मागा. ट्यूबवेल कुठल्या बाजूला राहिलाय ते पण लिहा, पाणी रस्त्याखालून न्यायला पाइप टाकावा लागणार असेल तर तेही नुकसानच.

राऊवाला:
काका एक शंका. आमची जमीन नॅशनल हायवेत गेली, तिथे पण हेच सहा आठवडे का?

काळाकोट_निवृत्त:
नाही. हायवेचा कायदा वेगळा, १९५६ चा. तिथे हरकत अधिसूचनेपासून २१ दिवसांत, आणि रक्कम पटली नाही तर आर्बिट्रेटरकडे (लवादाकडे) जायचं, तो केंद्र सरकारने नेमलेला अधिकारी असतो. कोर्ट नंतर. सोलेशियम मात्र तिथेही मिळतं. पूर्वी १९९७ च्या दुरुस्तीने हायवेवाल्यांनी ते काढून टाकलं होतं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलमच समानतेच्या विरुद्ध ठरवलं. तुम्ही वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

माहेर_इंदूर:
सगळे हिशोब छान चाललेत पण एक प्रश्न कोणीच नाही विचारला. जमीन आजोबांनी घेतली म्हणालास, खसऱ्यात नाव कोणाचं आहे? आणि आत्या किती तुला?

मी विचारतेय कारण माझ्या माहेरी हेच झालं. आजोबा गेल्यावर फौती नामांतरण (वारसांची नोंद) फक्त बाबांच्या आणि काकांच्या नावाने करून घेतलं, आत्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही, राखी-भाऊबीज व्यवस्थित चालू होती. मुआवजा आला तशी धाकट्या आत्याच्या मुलाने आपत्ती म्हणजे हरकत लावली. वाटणी ठरेपर्यंत पैसे तिकडेच अडकले, खात्यात जमा न होता. तीन वर्षं. आणि आत्या तरी काय चुकीचं मागत होती? तिचाही बाप होता तो. शेवटी जे तिला पहिल्या दिवशी घरी बसून देता आलं असतं तेच दिलं, वरून वकिलाचे पैसे आणि गेलेली बोलाचाल, ती अजून आली नाहीये, माझ्या लग्नाच्या फोटोंत ती आत्या नाही.

हातोदकडचा:
ताई तुम्ही बरोबर नस पकडली. खसऱ्यात बाबा आणि काका. आत्या दोन, एक देवासला, एक नागपूरला. मी रात्री बाबांना विचारलं तर गप्प बसले. मग म्हणाले उद्या फोन करतो ताईला.

रामबागचा_कोपरा:
शेतीवाल्यांचं तरी हेक्टर-बिघा आहे, आम्हा शहरवाल्यांचं काय सांगू. रस्ता रुंद करायला घराचा पुढचा भाग गेला, लाकडी कमान, आजीचं तुळशीचं अंगण, रात्री लाल खूण मारून गेले आणि मग म्हणे पैशाऐवजी वाढीव एफएआर (उरलेल्या जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) घ्या किंवा टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या. २०१८ चे टीडीआरचे नियम आहेत, मला माहीत आहे, कागद वाचलाय. पण सत्तर वर्षांच्या भिंतींवर मी अजून एक मजला बांधू कसा? आणि टीडीआर विकत घेणारा बिल्डर जो भाव सांगतो तो ऐकून पोह्यांवरची शेवसुद्धा कडू लागते.

काळाकोट_निवृत्त:
तुमचं दुखणं खरं आहे. पण टीडीआर घेणं तुमच्यावर लादता येत नाही, लेखी कळवा की नको, मुआवजा हवा. संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून ४४ व्या घटनादुरुस्तीने गेला पण अनुच्छेद ३००-अ मध्ये आहेच. २०२४ च्या मे महिन्यात कोलकाता महानगरपालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातून नोटीस, सुनावणी, कारणं सांगितलेला निर्णय, सार्वजनिक हित, योग्य मोबदला अशा सात गोष्टी निघतात असं सांगितलंय. रात्री खूण मारून सकाळी तोडणं यात बसत नाही. आणि ज्यांचं अर्जन २०१३ च्या कायद्याने होतंय त्यांच्यासाठी कलम ९४ आहे, घराचा नुसता तुकडा नको, घ्यायचं तर अख्खं घर घ्या असं मालक म्हणू शकतो.

आकडेमोड:
सीए आहे, थोडक्यात. २०१३ च्या कायद्याखालच्या अवार्डवर आयकर नाही, कलम ९६. शेतजमीन असो नसो, ऑक्टोबर २०१६ चं सीबीडीटीचं (आयकराच्या केंद्रीय मंडळाचं) सर्क्युलरपण आहे. तरी काही ऑफिसं सवयीने टीडीएस कापतात, तेव्हा बँक डिटेलच्या पत्रातच लिहून द्या की कापू नका. कापलाच तर रिटर्नमध्ये परत मागा. पुढे वाढीव रकमेवर जे व्याज येईल त्याचं मात्र वेगळं बघावं लागतं, तेव्हा कोणाला तरी दाखवा.

सराफ्याचा_भिया:
वकील किती टक्के घेईल पण? आमच्याकडे एकजण वीस टक्क्यात करतो म्हणाला.

काळाकोट_निवृत्त:
टक्क्यांवर केस घेणं बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. जो सुरुवातीलाच टक्का सांगतो त्याच्या ऑफिसातून चप्पल घालून परत या. ठरावीक फी ठरवा, लेखी.

आणि हो, ग्रामीण भागातला गुणांक विसरलो होतो. कायदा म्हणतो गावातल्या जमिनीचा बाजारभाव एक ते दोन या मधल्या आकड्याने गुणायचा, आकडा राज्याने ठरवायचा. मध्य प्रदेशने २०१४ मध्ये तो एक ठेवला, म्हणजे गुणलं काय न गुणलं काय सारखंच. चौपट मुआवज्याची मागणी म्हणतात ती हीच, गुणांक दोन केला की दुप्पट आणि सोलेशियमने पुन्हा दुप्पट. तुमच्या अधिसूचनेच्या तारखेला कोणता गुणांक लागू होता तेवढं अर्ज टाइप करायच्या आधी गॅझेटात तपासून घ्या.

हातोदकडचा:
अपडेट देतो, चार दिवस धावपळ होती.

नकल शाखेतून अवार्ड आणि पंचनामा मिळाला. पंचांमध्ये दोन सह्या, एक नाव बाबांनी ओळखलं, ते गृहस्थ वारून तीन वर्षं झाली!! बाबा दहा मिनिटं हसत होते, मग एकदम हसायचे थांबले. गिरदावरीत ११ वर्षांपैकी ९ वर्षं रब्बीला गहू आहे, दोन वर्षं लसूण. वीज बिलं आईने जपून ठेवलेली, भांड्यांच्या कपाटात वरच्या खणात, २०१० पासूनची, दोराने बांधून. आई म्हणाली मला माहीत होतं कधीतरी लागतील. (हे ती गेल्या वर्षी रद्दीत द्यायला निघाली होती, पण असो.)

नाल्यापलीकडची रजिस्ट्री सापडली. हेक्टरी १ कोटी १० लाख, पूर्ण कागदावर. अजून एक सापडली ९५ लाखांची. बाकी सगळ्या ६० लाखांच्या आसपास.

फॉर्मवरची ओळ खोडून विरोधाची ओळ लिहिली तर बाबू म्हणाला हा चालणार नाही, नवीन फॉर्म भरा. मी म्हटलं चालत नाही असं लिहून द्या. मग घेतला. शिक्का मिळाला, फोटो काढून तीन जागी ठेवला. १२ टक्क्यांचा अर्ज पण दिला.

देवासची आत्या आली होती काल. तिला कागद दाखवला तर तिला आकड्यांत काहीच रस नव्हता, ती विचारत होती चिंच राहिली का गेली. चिंच रस्त्यात आहे. ती म्हणाली मग तिचे तरी नीट मोजून घ्या. आत्यांचा हिस्सा आम्ही चौघांत सारखा धरूनच अर्ज केलाय, नागपूरच्या आत्याचं संमतीचं पत्र कुरियरने येतंय.

काका ६४ चा अर्ज ७ तारखेला देतोय, वकिलाने टाइप केलाय, १४ ची वाट नाही बघत. एकच विचारायचं राहिलं, जामाची झाडं पंचनाम्यात नाहीत आणि दहापैकी चार गेल्या पावसाळ्यात आम्हीच तोडली होती. अर्जात दहा लिहू का सहा?

काळाकोट_निवृत्त:
सहा. आणि सहाच्या बुंध्यांचा घेर मोजून लिहा.

माहेर_इंदूर:
आत्याला चिंचेच्या दोन फांद्या तरी तोडून द्या रे, लोणचं घालेल ती.

हातोदकडचा:
चिगूर निघाला होता ताई, पिशवीभर घेऊन गेली.